दवाखान्याचा फोन इंटरनेटवर नेताना

संध्याकाळी सहा ते आठ या वेळात चांगल्या चालणाऱ्या दवाखान्याच्या काउंटरवरचा फोन ऐकत बसलात, तर कळेल की विचारणाऱ्यांचे प्रश्न चार-पाचच असतात. ‘डॉक्टर बसलेत का?’, ‘नंबर लावायचा होता’, ‘कितवा नंबर चाललाय?’, ‘रिपोर्ट आले का?’ आणि ‘ती पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर?’ रिसेप्शनवरच्या ताई केसपेपर काढत, फी घेत, सुट्टे मोजत मधल्यामध्ये हे फोन घेतात. त्यातले किती वाजून वाजून बंद पडले, याची नोंद कुठेच राहत नाही. ‘तुमचा फोन लागतच नाही हो’ असे चार रुग्णांनी तोंडावर सांगितले, की डॉक्टर नव्या यंत्रणेचा विचार करू लागतात. मग एखादा प्रतिनिधी टॅबलेट घेऊन येतो आणि आयव्हीआर, क्लाउड, डॅशबोर्ड असे पन्नास गुण मोजून दाखवतो.

त्याचे ऐकून घ्या, पण सही करण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः ठरवा. लोकांना दिलेला नंबर कोणाच्या ताब्यात राहणार? आणि तो फोन उचलणार कोण? यंत्र कोणते घ्यायचे, हा प्रश्न यानंतरचा आणि त्यामानाने सोपा आहे.

नंबर कोणाचा?

मोबाइल नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय आपल्याकडे जानेवारी २०११ पासून देशभर आहे. जुलै २०१५ पासून तर राज्य बदलले तरी नंबर तोच ठेवता येतो. लँडलाइनला मात्र ही सोय नाही. तुमचे कॉल आपल्या सर्व्हरवरून फिरवणाऱ्या क्लाउड टेलिफोनीच्या कंपन्या जो ‘व्हर्च्युअल नंबर’ देतात, तो पुष्कळदा लँडलाइनच्या मालिकेतला असतो आणि त्या कंपनीने टेलिकॉम कंपनीकडून घेतलेल्या गठ्ठ्यातून तुमच्या वाट्याला आलेला असतो. दोन वर्षांनी दर वाढले, सेवा बिघडली आणि तुम्ही दुसरीकडे जायचे ठरवले, तर नंबर बहुधा तिथेच राहतो. तोवर तो पाटीवर, प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर, गूगल मॅपवर, शेजारच्या मेडिकलच्या काचेवर आणि शेकडो रुग्णांच्या मोबाइलमध्ये पोचलेला असतो. विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. पहिल्या वर्षीचा स्वस्त दर त्याला परवडतो, त्याचे हेही एक कारण.

यावर साधा उपाय आहे. लोकांना सांगायचा नंबर एकच ठेवा आणि तो पोर्ट करता येणारा मोबाइल नंबर असू द्या. सिम दवाखान्याच्या किंवा डॉक्टरांच्या नावावर, केवायसी पूर्ण आणि पोस्टपेड. प्रीपेडची मुदत संपली की इनकमिंग थांबते आणि ते रिचार्ज विसरायला आपण सगळेच समर्थ आहोत. हा नंबर मागच्या बाजूने क्लाउडच्या नंबरवर फॉरवर्ड करायचा. उद्या कंपनी बदलली तर फॉरवर्डिंगचा पत्ता बदलायचा, पाटी तशीच राहते. फक्त फॉरवर्ड होऊन आलेल्या कॉलवर रुग्णाचा मूळ नंबर दिसतो की तुमचाच, हे आधी करून पाहा. तुमचाच दिसत असेल तर कॉलच्या नोंदीला काही अर्थ उरत नाही.

फॉरवर्डिंगबद्दल एक सावधगिरी. अनोळखी माणूस फोन करून स्टार-४०१ असा कोड डायल करायला लावतो आणि मग तुमचे सगळे कॉल, बँकेचे ओटीपी सांगणारे कॉलसुद्धा, त्याच्याकडे वळतात, असा फसवणुकीचा प्रकार पसरला होता. म्हणून दूरसंचार विभागाने या कोडवरून होणारे फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला सांगितले. तेव्हा फॉरवर्डिंग सुरू करण्याची सध्याची रीत आपल्या कंपनीकडूनच समजून घ्या आणि फोनवर कोणी सांगेल तो कोड दाबायचा नाही, हे काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवा.

पुष्कळ दवाखान्यांत नंबर अजूनही जुन्या कंपाउंडरच्या, नाहीतर वेगळ्या झालेल्या भागीदाराच्या नावावर असतो. नव्या यंत्रणेच्या आधी ते मिटवा, कारण भांडण झाल्यावर ते मिटत नाही. बीएसएनएलचा जुना, दोन पिढ्यांना पाठ असलेला नंबर असेल तर तो सोडू नका. तांब्याची तार काढून फायबर घेताना तोच नंबर ठेवता येतो का, ते एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारा. बऱ्याच ठिकाणी येतो.

उचलणार कोण?

आता थोडे गणित. समजा गर्दीच्या एका तासात ४० फोन येतात आणि प्रत्येक फोनला सरासरी दोन मिनिटे लागतात. म्हणजे तासाभरात ८० मिनिटांचे बोलणे. तास ६० मिनिटांचा आणि ताई एक. चार लाइन घेतल्या तर रुग्णाला ‘बिझी’ ऐकू येण्याची वेळ फार क्वचित येईल, कारण या रहदारीला चार लाइनवर साधारण साडेतीन टक्के कॉल अडतात आणि पाच लाइनवर एक टक्क्याहून कमी. पण हा हिशोब लागलेला प्रत्येक फोन लगेच उचलला जातो, असे धरून केलेला असतो. एकटी ताई असताना लाइन वाढवल्या की जो रुग्ण पूर्वी बिझीचा आवाज ऐकून फोन ठेवत होता, तो आता संगीत ऐकत ताटकळतो आणि जास्त चिडतो.

तेव्हा यंत्रणा घेण्याआधी आठवडाभर एक वही काउंटरवर ठेवा. कोणत्या वेळी किती फोन आले आणि ते कशासाठी होते, एवढेच लिहायचे. बहुतेक ठिकाणी असे निघेल की मोठा वाटा ‘डॉक्टर आहेत का’ आणि ‘किती वाजेपर्यंत’ या दोन प्रश्नांचा आहे. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित आवाज देऊ शकतो आणि खरा भार तिथेच हलका होतो. ‘रिपोर्ट आले का’ हा प्रश्न व्हॉट्सॲपच्या एका ओळीने सुटतो. राहिले नंबर लावणारे आणि खरोखर अडचणीत असलेले. त्यांना माणूसच हवा.

ध्वनिमुद्रित संदेश, म्हणजे आयव्हीआर, मराठीत आणि तुमच्याच भागातल्या मराठीत असावा. कंपनी देते तो यंत्राचा आवाज ‘भेटीची वेळ निश्चित करण्याकरिता एक दाबा’ असे काहीतरी म्हणतो आणि सत्तरीच्या आजींना त्यातले ‘दाबा’ एवढेच कळते. त्यापेक्षा रिसेप्शनवरच्या ताईंच्याच आवाजात रेकॉर्ड करा: ‘नमस्कार, डॉक्टर आज संध्याकाळी साडेपाच ते नऊ आहेत. पेशंट सिरियस असेल तर लगेच १०८ ला फोन करा. नंबर लावायचा असेल तर एक दाबा, नाहीतर लाइनवर थांबा.’ बस्स. दोनाहून अधिक पर्याय देऊ नका. आणि शेवटचा पर्याय नेहमी ‘थांबा’ असा हवा, म्हणजे काहीच न दाबणाराही माणसापर्यंत पोचतो. बटणांचा साधा फोन कानाला लावून बोलणाऱ्याला तो खाली घेऊन बटण शोधून दाबेपर्यंत पुढचे वाक्य निसटलेले असते. ज्या गावात हिंदी किंवा कन्नड बोलणारे रुग्ण बरेच आहेत, तिथे भाषेचा पर्याय आधी विचारण्याऐवजी तोच छोटा संदेश दोन भाषांत लागोपाठ ऐकवणे बरे.

डॉक्टर सुट्टीवर असतील तर संदेश त्याच दिवशी बदलता आला पाहिजे आणि तोही मोबाइलवरून, कंपनीला ईमेल न करता. प्रतिनिधीला तुमच्यासमोर हे करून दाखवायला सांगा. इथे बरेच जण अडखळतात.

माझ्या मते या सगळ्या यंत्रणेतली सर्वात मोलाची गोष्ट मिस्ड कॉलची यादी आहे. दवाखाना बंद होताना ताईंनी ती उघडायची आणि ज्यांचे फोन निसटले त्यांना उलट फोन करायचा. बाकीच्या चकचकीत सोयी महिन्याभरात कोणी पाहत नाही.

कोणत्या दवाखान्याला काय पुरते

एकट्या डॉक्टरांच्या दवाखान्याला अनेकदा वेगळे काही विकत घेण्याची गरजच नसते. जिओफायबर, एअरटेल किंवा बीएसएनएलचे फायबर असेल तर कंपनीने बसवलेल्या डब्याच्या मागे फोनची वायर लावायचे एक छिद्र असते. कनेक्शनबरोबर लँडलाइन नंबर येतो आणि कॉल इंटरनेटच्याच मार्गाने जातो. त्यात एक चांगला कॉर्डलेस फोन लावा, मोबाइल नंबरवर ‘उचलला नाही तर’ असे फॉरवर्डिंग लावा आणि महिना-दोन महिने पाहा. या लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावा लागतो. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासूनचा, तरीही काउंटरवर आलेल्या नव्या मुलीला ‘नंबर लागत नाही’ असे रोज वाटत राहते. तिला पहिल्याच दिवशी सांगा.

दोन-तीन डॉक्टर, वेगवेगळ्या वेळा, कदाचित दोन शाखा, असे दंतवैद्यांचे, बालरोगतज्ज्ञांचे किंवा फिजिओथेरपीचे क्लिनिक असेल तर क्लाउड टेलिफोनी उपयोगी पडते. एक्झोटेल, नॉलॅरिटी, मायऑपरेटर यांसारख्या कंपन्या या धंद्यात आहेत. एका नंबरवर आलेला फोन आधी काउंटरवर, तिथे उचलला नाही तर दुसऱ्या शाखेत, तिथेही नाही तर मॅनेजरच्या मोबाइलवर, अशी रांग लावता येते. डॉक्टरांना याचा वेगळाच फायदा आहे. त्यांनी घरून रुग्णाला फोन केला तरी रुग्णाला दवाखान्याचा नंबर दिसतो, खाजगी मोबाइल नंबर गावभर होत नाही. रात्री साडेअकराला ‘डॉक्टर, शिंका येतायत’ असा फोन ज्यांनी घेतला आहे, त्यांना या एका सोयीची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होमचे गणित वेगळे. तिथे वॉर्ड, ओटी, लॅब, मेडिकल आणि कॅशियर यांना एकमेकांशी बोलायचे असते आणि इंटरनेट गेले म्हणून वॉर्डातून ओटीला फोन लागला नाही, असे चालणार नाही. इथे इमारतीतच ठेवलेला आयपी पीबीएक्स, म्हणजे दवाखान्याचे स्वतःचे छोटे एक्स्चेंज, हवा. अंतर्गत कॉल तिथल्या तिथे फिरतात, बाहेरचे कॉल टेलिकॉम कंपनीच्या सिप ट्रंकवरून, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावरच्या लाइनवरून, जातात. वडोदऱ्याची मॅट्रिक्स, बाहेरच्या ग्रँडस्ट्रीम आणि यीलिंक ही नावे बाजारात सहज मिळतात. नावापेक्षा दुरुस्तीला येणारा माणूस तुमच्याच गावात आहे का, हे महत्त्वाचे. चालू अवस्थेतले जुने ॲनालॉग फोन लगेच फेकू नका, ॲडॉप्टर लावून ते नव्या यंत्रणेवर चालतात.

बाजारात सात-आठ सिमकार्डे घालून कॉल इंटरनेटवर वळवणारे डबेही मिळतात आणि ‘बिल निम्म्यावर येईल’ असे सांगून विकले जातात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. परदेशातून येणारे कॉल बेकायदा वळवण्याच्या गुन्ह्यांत पोलीस हेच डबे जप्त करतात. परदेशी ॲपवरून मिळणारा अमेरिकेचा नंबरही दवाखान्याच्या कामाचा नाही. नंबर भारतातला, परवानाधारक कंपनीचा आणि तुमच्या कागदपत्रांवर दिलेला असावा. आणखी एक: परदेशी विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ‘हिपा’चे प्रमाणपत्र मोठ्या अक्षरांत असते. तो अमेरिकेचा कायदा आहे. सांगलीच्या किंवा मडगावच्या दवाखान्याला लागू होणारे कायदे वेगळे आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो.

तार, वीज आणि राउटर

एका कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी शंभर किलोबिटच्या आतच वेग लागतो. पाच कॉल एकदम चालू असले तरी अर्धा मेगाबिट पुरतो. त्यामुळे ‘फोनसाठी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या’ असे कोणी म्हणाले तर त्याला फोनचे काही कळत नाही किंवा विक्रीचे फार कळते. आवाजाला वेगापेक्षा सातत्य लागते. आवाज एका टोकाकडून दुसरीकडे जायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला की दोघेही एकमेकांच्या वाक्यावर बोलू लागतात. आवाजाचे तुकडे मागेपुढे पोचले की तो यंत्रमानवासारखा होतो. याचे कारण अनेकदा तुमच्याच दवाखान्यात असते: सीसीटीव्हीचे चित्रण क्लाउडवर चढत असते, एक्स-रेच्या फाइली अपलोड होत असतात, वेटिंगमधल्या लोकांना वाय-फायचा पासवर्ड दिलेला असतो. राउटरमध्ये फोनला अग्रक्रम द्या, पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे करा आणि काउंटरचा फोन शक्यतो वायरनेच जोडा. तुमचा आवाज समोर जातो पण समोरचा ऐकू येत नाही, असा एकतर्फी प्रकार झाला तर तंत्रज्ञाला राउटरमधले ‘सिप एएलजी’ बंद करायला सांगा. बरेचदा तेवढ्याने भागते.

विजेचा प्रश्न याहून मोठा. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजकडून तारेतूनच वीज मिळायची, अंधारातही ती वाजायची. फायबरचा फोन दवाखान्यातली वीज गेली की मेला. महावितरणचा देखभालीचा वार असो नाहीतर जूनमधली पहिली वादळी संध्याकाळ, फायबरचा डबा, राउटर आणि फोन ही तिन्ही इन्व्हर्टरवर आहेत ना, ते पाहा. बहुतेक ठिकाणी पंखे-दिवे इन्व्हर्टरवर असतात आणि राउटर भलत्याच प्लगवर. राउटरसाठी छोटे यूपीएस स्वतंत्र मिळतात, तेही चालतात. आणि फायबर तुटले तर कॉल आपोआप मोबाइलवर गेले पाहिजेत. ही सोय कंपनीच्या बाजूला लावलेली असावी, कारण तुमच्याकडचा डबा बंद असताना तो कोणाला काही सांगू शकत नाही.

इंटरनेटच्या फोनवरून १०८ आणि ११२ लागतात का, हे कंपनीला लेखी विचारा. काहीही उत्तर आले तरी चार्ज केलेला एक साधा मोबाइल काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असू द्या. रुग्णवाहिका बोलावण्याची वेळ आली तर कोणी कशावरून फोन करायचा, याची चर्चा तेव्हा व्हायला नको.

पासवर्डबद्दल थोडक्यात: पीबीएक्सचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि आयएसडी बंद ठेवा. चोर रात्रीत शिरून परदेशी नंबरांना तासन्‌तास फोन लावतात, बिल तुमच्या नावाने येते.

नोंदी, रेकॉर्डिंग आणि कायदा

‘सगळे कॉल रेकॉर्ड होतात’ हे ऐकायला चांगले वाटते. पण रुग्ण फोनवर काय सांगतो, ते आठवा. पाळी चुकल्याचे, एचआयव्हीच्या रिपोर्टचे, नवऱ्याच्या दारूचे. हे सगळे कोणाच्या तरी सर्व्हरवर साठत जाते. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आरोग्यविषयक माहिती संवेदनशील मानली. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर दीड वर्षाची मुदत दिलेली आहे. या कायद्यात माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर आहे. चूक क्लाउड कंपनीची असली तरी उत्तर तुम्हाला द्यावे लागते आणि पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दवाखान्याला एवढा दंड होईल असे नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगा हा विषय नव्हे.

माझा सल्ला असा, की ठोस कारण नसेल तर रेकॉर्डिंग बंदच ठेवा. ठेवायचेच असेल तर संदेशात तसे सांगा, किती दिवसांनी ते पुसले जाईल ते ठरवा आणि ऐकण्याचा अधिकार एक-दोघांनाच द्या. नोकरी सोडून गेलेल्या मुलीचे लॉगिन चालू राहणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

फोनवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. पहिल्याच वेळी नुसत्या आवाजावर बोलत असाल तर पॅरासिटामॉल, ओआरएससारखी ‘ओ’ यादीतली औषधेच सुचवता येतात, ‘ए’ यादीसाठी पहिल्या वेळी व्हिडिओ लागतो. सल्ल्याची नोंद केसपेपरवर करावी लागते आणि कॉलचे रेकॉर्डिंग म्हणजे ती नोंद नव्हे. गोळी जेवणाआधी की नंतर, याचे उत्तर ताईंनी प्रिस्क्रिप्शनवर लिहिलेले वाचून द्यावे, त्यात आपली भर घालू नये.

लसीकरणाची किंवा तपासणीची आठवण करून देणारे एसएमएस घाऊक पाठवायचे असतील तर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणीच्या पोर्टलवर, नोंदणी करून मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. ताईंनी दहा रुग्णांना हाताने फोन करणे वेगळे आणि यंत्राने हजार जणांना साध्या नंबरवरून रेकॉर्डिंग ऐकवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर पाटीवर असतो.

पैसे आणि करार

दरपत्रकात महिन्याचे भाडे ठळक असते, बाकीचे बारीक. क्लाउडवर बहुधा आलेल्या कॉलचेही मिनिटाप्रमाणे पैसे पडतात, कारण कंपनी तो कॉल पुढे तुमच्या मोबाइलवर लावते. पैसे दर साठ सेकंदांना लावतात की तीस, न वापरलेली मिनिटे पुढच्या महिन्यात जातात का, प्रत्येक वापरकर्त्याचे वेगळे भाडे आहे का, हे विचारा. आणि दरावर १८ टक्के जीएसटी धरूनच तुलना करा. व्यापारी तो कर पुढे वळता करून घेतो. आरोग्यसेवा जीएसटीमुक्त असल्यामुळे डॉक्टरांना ती वजावट मिळत नाही, तो पूर्ण खर्चच असतो.

वर्षभराचे पैसे आगाऊ भरून सवलत घेण्याचा मोह पहिल्या तीन महिन्यांत तरी आवरा. करार संपला तर नंबरचे काय होईल आणि कॉलच्या नोंदी तुम्हाला फाइलमध्ये मिळतील का, या दोन गोष्टी करारात लिहून घ्या, तोंडी आश्वासन नको. मिळालेला व्हर्च्युअल नंबर ट्रूकॉलरवर शोधून पाहा. आधी तो कुणा कर्जवाल्याकडे असेल तर ‘स्पॅम’ असा लाल शिक्का घेऊनच तुमच्याकडे येईल. तसे दिसले तर दुसरा मागा.

चाचणी सकाळी अकराला, प्रतिनिधी समोर बसलेला असताना घेऊ नका. संध्याकाळी सातला, वेटिंगमध्ये वीस माणसे असताना घ्या. एखाद्या खेड्यातल्या रुग्णाला त्याच्या गावाहून फोन करायला सांगा. मग फायबरच्या डब्याचा प्लग काढा आणि पुन्हा फोन करा, तो कुठे वाजतो ते पाहा. जुनी लाइन सोडायचीच असेल तर ती आणखी तीन महिने चालू ठेवा, तिच्यावर येणाऱ्या प्रत्येकाला नवा नंबर सांगा आणि महिन्याच्या शेवटी असे किती फोन आले ते वहीत पाहा. आकडा घटत घटत आठवड्याला एक-दोनवर आला, की अर्ज देऊन डिपॉझिट परत मागा.